परातभर ऊब्लेक: कॉर्नफ्लोअर-पाण्याचा हट्टी घोळ घरी कसा करायचा

मे महिन्यात ठाण्यात दुपारी पोरांना खाली सोडता येत नाही आणि घरात आवरता येत नाही. मोबाईल काढून घ्यायचा तर बदल्यात हाताला काहीतरी काम द्यावं लागतं. त्या वेळेसाठी ऊब्लेकइतकं स्वस्त आणि बिनधोक दुसरं काही मला माहीत नाही. साहित्य दोनच, कॉर्नफ्लोअर आणि पाणी. गॅस लागत नाही, सुरी-कात्री लागत नाही. तयार होतो तो एक पांढरा घोळ. बोट हळूच घातलं तर तळापर्यंत जातं, तेच जोरात खुपसलं तर वरच अडतं. मुठीत दाबून धरला तर गोळा होतो, मूठ सैल सोडली की बोटांच्या फटींतून ओघळतो.

करायला पंधरा मिनिटं पुरतात, पण पहिल्या खेपेला तो हमखास फसतो. कारण जवळजवळ नेहमी एकच: पाणी. अर्धा किलो पिठात चार चमचे पाणी कमी पडलं तर भुगा राहतो, चार चमचे जास्त झालं तर नुसतं पांढरं पाणी. सगळी गंमत त्या मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात आहे, म्हणून पाण्याबद्दल मी जरा पाल्हाळ लावणार आहे. बाकीचं पटकन उरकू.

काय आणायचं

500 ग्रॅम कॉर्नफ्लोअर, एका परातीला आणि चार मुलांना भरपूर. दुकानात ‘मक्याचं पीठ’ मागू नका. ते पिवळसर, भाकरीचं पीठ हातात पडेल आणि त्याने हे होत नाही. त्यात अख्ख्या दाण्यातला कोंडा, तेल आणि प्रथिनंही येतात. आपल्याला हवं ते पांढरंशुभ्र, नुसतं स्टार्च. ‘मंच्युरियनला लागतं ते द्या’ म्हटलं की दुकानदार बरोबर तेच काढतो. पाकीट बंद असतानाच चिमटीत दाबून बघा. चांगलं कॉर्नफ्लोअर बोटांखाली करकरतं, मैदा मुकाट्याने दबतो.

जांभळी नाक्याला किंवा वाशीच्या मार्केटात सुटं मिळालं तर घ्यायला हरकत नाही, पण सुट्यात कधी कशाची भेसळ असेल सांगता येत नाही. पहिल्या वेळी पाकीटबंदच घ्या, म्हणजे फसलं तर दोष पिठाचा की पाण्याचा हा प्रश्न उरत नाही.

घरात आजी असतील तर एक आक्षेप येणार हे धरून चाला: ‘अन्नाशी कसले खेळ?’ मला तो आक्षेप रास्त वाटतो. यावर माझा तोडगा असा, की फळीवर मागे गेलेलं, मुदत उलटलेलं पाकीट आधी शोधायचं. खेळाला ते तितकंच चांगलं चालतं, फक्त टोके किंवा जाळी झालेली नसावी. आणि एकदा केलेलं ऊब्लेक वाळवून पुन्हा वापरता येतं, ते पुढे सांगतेच. घमेलं भरून त्यावर पाय आपटायचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. त्याला पाचेक किलो पीठ सहज लागतं. मी त्या वाटेला जात नाही, परातीत सगळं दिसतं.

पाणी साधं, नळाचं. गरम अजिबात नको. साधारण 65-70 अंशांच्या आसपास स्टार्चचे कण फुगून फुटतात आणि घोळाची खळ होते, सुती साडीला करतात तशी. खळ एकदा झाली की मागे फिरता येत नाही.

भांडं म्हणजे परात. खोल पातेल्यात मुलांचे हात एकमेकांवर आदळतात. खाली जुनी चादर अंथरा. टाइल्सवर सांडलं तर घसरायला होतं, म्हणून पंख्याखालची मोकळी जागा किंवा गच्चीचा जिना बरा. रंग हवा असेल तर खाण्याचा, दोन थेंब, आणि तो पाण्यात आधीच मिसळायचा. मागाहून टाकलेला रंग घोळात नीट पसरत नाही. होळीचा किंवा रांगोळीचा रंग वापरू नका. हळद चालते, पण हात दिवसभर पिवळे राहतात. शिवाय साबण लावला की तीच हळद लाल होते आणि मुलं पुढचा अर्धा तास बेसिनपाशी अडकतात. वेळ असेल तर तेही होऊ द्या.

बदली सामान? आरारूट किंवा बटाट्याच्या स्टार्चने जमतं, पाण्याचं प्रमाण बदलतं. कस्टर्ड पावडरही चालते, कारण ती मुख्यतः कॉर्नफ्लोअरच असते. पण तिचा वास इतका छान असतो, की लहान मुलं बोट तोंडात घालतातच. मैदा, कणीक, बेसन यांचा नुसता चिखल होतो. कॅरमची पावडर पांढरी दिसते म्हणून कोणी काढून आणेल, ती लगेच परत ठेवायला सांगा. तिच्यात सहसा बोरिक अ‍ॅसिड असतं. टाकणखार घालून करायचं ते स्लाइम वेगळं, आणि लहान मुलांच्या हातात द्यावं असं मला वाटत नाही. ऊब्लेक त्या मानाने निर्धोक आहे. जिभेला लागलं तर काही बिघडत नाही, पण कच्चं पीठ खायची वस्तू नव्हे, आणि त्यात चार जणांचे हात बुडालेले असतात. तीन वर्षांखालच्यांना मांडीवर घेऊनच खेळवा. मक्याची अ‍ॅलर्जी असलेल्याला लांब ठेवा. आणि पाकीट फोडताना परातीवर वाकू नका, बारीक पूड नाकात जाते.

घोळ जमवणं

घरातली आमटीची वाटी साधारण 150 मिलिलिटरची असते. त्या मापाने अर्धा किलो कॉर्नफ्लोअर सहाएक वाट्या भरतं. साडेपाच वाट्या परातीत ओता, उरलेली अर्धी बाजूला राखून ठेवा. ही अर्धी वाटी म्हणजे तुमचा विमा. पावसाळ्यात पाकिटात गुठळ्या झालेल्या असतात, तेव्हा आधी चाळणीतून काढा.

आता अडीच वाट्या पाणी. तेही एकदम न ओतता थोडं इथे, थोडं तिथे असं पसरवत घाला. लगेच ढवळायला जाऊ नका. दोन मिनिटं पिठाला पाणी पिऊ द्या. मग चमचा बाजूला ठेवा आणि हात घाला. चमच्याने हे ढवळत नाही. जोर लावला की चमचा जागच्या जागी रुतून बसतो, आणि नवखा माणूस पीठ घट्ट झालं समजून अजून पाणी ओततो. बहुतेकांचा घोळ बिघडतो तो याच क्षणी. हाताची बोटं तळाशी नेऊन पीठ सावकाश वर उचला, उलटा, सोडा. परातीच्या तळाला कोरडं पीठ चिकटून बसलेलं असतं, ते नखांनी सुटं करत राहा. कुरकुर ऐकू येईल. पाच मिनिटं तरी हे करायचं.

त्यानंतरचं पाणी चमच्यानेच. एक चमचा घाला, मिसळा, थांबा, बघा. पाण्याचा चमचा मी मुद्दाम सगळ्यात चुळबुळ्या पोराकडे देते. बाकीचे त्याच्यावर डोळा ठेवून असतात आणि ‘अरे बस, बस’ करत तेच प्रमाण सांभाळतात. शेवटी एकूण पाणी पावणेतीन वाट्यांच्या आसपास जातं, हवामानाप्रमाणे आणि पिठाप्रमाणे इकडेतिकडे. नेमका आकडा मी सांगू शकत नाही, आणि सांगितला तरी त्याच्यावर विसंबू नका. हाताला कळतं.

कळतं कसं? घोळावर तळवा ठेवून पटकन दाबा. दाबलेली जागा क्षणात निस्तेज होते, कोरडी पडल्यासारखी दिसते, बारीक भेगाही पडतात. हात उचला. दोन-तीन सेकंदांत भेगा मिटतात आणि पृष्ठभाग पुन्हा ओला, तुकतुकीत होतो. हे दिसलं की जमलं. दाबल्यावर भेगा पडल्या आणि तशाच राहिल्या, तर पाणी कमी आहे, अर्धा चमचा घाला. थापट मारल्यावर शिंतोडे उडाले तर पाणी जास्त आहे, राखलेल्या पिठातलं चमचाभर भुरभुरा. पीठही संपलं आणि घोळ अजून पातळच असला तर परात पंधरा-वीस मिनिटं हलवू नका. पीठ खाली बसतं, वर निवळ पाणी येतं, ते चमच्याने काढून टाका.

याच कारणाने खेळता खेळता मध्येच चहाला उठलात, तर परतल्यावर तळाशी घट्ट थर सापडेल. घाबरू नका, पुन्हा हळूहळू तळापासून उचलत मिसळा. मे महिन्यात पंख्याखाली पाणी उडून जातं, तेव्हा अधूनमधून चमचाभर पाणी लागेल. जुलैत लागत नाही.

खेळ, आणि तोंड बंद ठेवण्याची कला

घोळ तयार झाला की लगेच ‘बघा हं, हा असा असा द्रव आहे’ म्हणून सुरू करू नका. पहिली दहा मिनिटं मुलांना नुसतं चिवडू द्या. ती आपणच थापट मारतात, आपणच ओरडतात. मग एकेक प्रश्न सोडा.

एक काचेची गोटी घ्या. ती घोळावर अलगद ठेवली तर काय होईल, आणि हातभर उंचीवरून टाकली तर? आधी अंदाज सांगायला लावा, मग करू द्या. बहुतेक मुलं म्हणतात, उंचावरून टाकलेली जास्त खोल जाईल. प्रत्यक्षात ती टप्पकन वरच थबकते आणि मग सावकाश बुडायला लागते. बुडालेली गोटी काढायला लावा. पटकन उपसली तर घोळ सोडत नाही, हळू काढली तर मुकाट देतो. प्लास्टिकच्या छोट्या गाड्या, डायनासोर यांच्यावरही हेच करता येतं. दलदलीत अडकलेल्या डायनासोरला वाचवायचा खेळ लहानांना तासभर पुरतो.

दुसरं, गोळा वळणं. दोन्ही तळव्यांत लाडू वळतात तसा वळत राहिलं तर गोळा टिकतो. थांबलं की तळहातावर वितळतो. वळता वळता दुसऱ्याच्या हातात द्यायचा आणि तो न वितळता किती जणांपर्यंत पोहोचतो ते मोजायचं. क्लबहाउसमध्ये आठ-दहा मुलं असतील तर यासारखा खेळ नाही.

जरा मोठ्या मुलांकडून प्रमाणाचा प्रयोग करून घ्या. तीन वाट्या, प्रत्येकीत सपाट दहा चमचे कॉर्नफ्लोअर. पहिलीत तीन चमचे पाणी, दुसरीत पाच, तिसरीत सात. पहिलीत भुगा राहतो, तिसरीत पातळ पांढरं पाणी, दुसरीत ऊब्लेक किंवा त्याच्या अगदी जवळचं काहीतरी. दुसऱ्या वाटीत अजून अर्धा-अर्धा चमचा वाढवत कुठे बिघडतं ते वहीत लिहायला सांगा. माझ्या मते सगळ्या प्रकारात खरं विज्ञान हेच आहे. गोट्या आणि डायनासोर हे तिथपर्यंत आणायचं आमिष.

स्पीकरवर ऊब्लेक नाचवायचे व्हिडिओ मुलं दाखवतील. त्याला मोठा वूफर आणि खर्जातला आवाज लागतो, मोबाईलने किंवा छोट्या ब्लूटूथ स्पीकरने काही होत नाही. घरातल्या चांगल्या स्पीकरवर हा प्रयोग नको.

आणि एक, पण खेळाच्या परातीत नाही, वेगळ्या चमच्यात: घोळाच्या थेंबावर पाण्यात पातळ केलेल्या बेटाडीनचा थेंब. निळा-काळा रंग येतो. स्टार्च आणि आयोडीनची ही शाळेतली ओळखीची परीक्षा. मग भात, बटाटा, काकडी यांच्या फोडींवर करून बघा, काकडी फारशी काळी पडत नाही. हे सगळं नंतर टाकून द्यायचं, खायचं नाही.

असं का होतं

कॉर्नफ्लोअर पाण्यात विरघळत नाही. साखरेचं सरबत होतं, याचं होत नाही. त्याचे कण, साधारण 5 ते 20 मायक्रोमीटरचे, पाण्यात नुसते तरंगत असतात. आपला केस त्यांच्यापेक्षा कितीतरी जाड. ऊब्लेकमध्ये हे कण इतके दाटीने भरलेले असतात, की दोघांमध्ये जेमतेम पाण्याचा पातळ पापुद्रा उरतो. सावकाश हलवलं तर त्या पाण्यावरून कण एकमेकांशेजारून घसरतात आणि घोळ वाहतो. एकदम दाबलं तर पाण्याला बाजूला व्हायला वेळ मिळत नाही, कणाला कण घासतो, अडकतो, आणि तेवढा भाग घट्ट होतो. ठाणे स्टेशनचा पूल रोज हेच करतो. माणसं आपापल्या चालीने चालत असली की गर्दी असूनही पूल सरकत राहतो, पण गाडीचा फलाट बदलल्याची घोषणा झाली आणि सगळे एकदम वळले, की कोणीच हलू शकत नाही. दाब गेला की कण पुन्हा सुटे, घोळ पुन्हा पातळ.

न्यूटनने 1687 मध्ये द्रवांच्या वाहण्याबद्दल जो नियम मांडला, त्यात द्रवाचा दाटपणा ढवळण्याच्या वेगावर अवलंबून नसतो. पाणी, गोडेतेल तो पाळतात. थंडीत खोबरेल घट्ट होतं ते तापमानामुळे, तुम्ही जोरात ढवळल्यामुळे नव्हे. जे द्रव हा नियम पाळत नाहीत त्यांना अ-न्यूटनी म्हणतात. ऊब्लेक जोर लावल्यावर घट्ट होतं. टोमॅटो केचपचं उलटं आहे, बाटली हलवली की ते पातळ होऊन भसकन येतं. दोन्ही अ-न्यूटनीच. मुलांना हे दोघं शेजारी ठेवून दाखवा, म्हणजे ‘अ-न्यूटनी म्हणजे आपटलं की टणक होणारं’ असा गैरसमज डोक्यात बसत नाही.

दाबल्यावर तो कोरडेपणा कुठून येतो, हे मोठी मुलं विचारतात. अलिबागला ओल्या वाळूवर चालताना पायाभोवतीची वाळू क्षणभर कोरडी दिसते ना, तिथेही हेच चालतं. दाटीने बसलेले कण हलायचे तर त्यांना एकमेकांपासून थोडं फाकावं लागतं, मध्ये जागा वाढते आणि वरचं पाणी त्या जागेत ओढलं जातं. ऑस्बर्न रेनॉल्ड्स या शास्त्रज्ञाने 1885 मध्ये हे समजावून सांगितलं होतं. म्हणून घोळाची चकाकी जाते आणि हात उचलल्यावर परत येते. आणि घोळावरून धावणारा माणूस बुडत का नाही, याचं बरंचसं उत्तर त्यानंतर शंभरहून अधिक वर्षांनी मिळालं. 2012 मध्ये शिकागो विद्यापीठातल्या स्कॉट वैतुकैटिस आणि हाइनरिश येगर यांनी कॉर्नस्टार्चच्या घोळात अ‍ॅल्युमिनियमचा दांडा आदळवून, वेगवान कॅमेऱ्याने आणि क्ष-किरणांनी आत काय होतं ते टिपलं. दांड्याखाली कणांचा घट्ट गठ्ठा तयार होतो आणि तो झपाट्याने खाली वाढत जातो. धावणाऱ्याच्या पायाला तो गठ्ठा आधार देतो. उभं राहिलं की मात्र बुडायला होतं.

पुढे याचा उपयोग काय, असं एखादा हिशेबी मुलगा विचारतोच. अमेरिकेत डेलावेअर विद्यापीठात आणि तिथल्या लष्कराच्या प्रयोगशाळेत केव्हलर या अतिशय चिवट कृत्रिम धाग्याच्या कापडात असाच जोराने घट्ट होणारा द्रव मुरवून संरक्षक कापड करण्यावर काम झालं आहे. त्यात कॉर्नफ्लोअर नसतं, सिलिकाचे सूक्ष्म कण असतात.

आवरणं

हा भाग मुलांना आवडत नाही आणि तो टाळला तर घरच्यांना खेळ आवडत नाही.

घोळ मोरीत, सिंकमध्ये किंवा कमोडमध्ये ओतायचा नाही, थोडासुद्धा नाही. पाइपात पाणी निघून जातं, पीठ खाली बसतं आणि थर धरतं. त्यात कोणी गरम पाणी ओतलं की आतच खळ शिजते. फ्लॅट असेल तर पाइप एकट्या तुमचा नसतो, खालच्या मजल्यावरच्या काकू दुसऱ्या दिवशी वर येतील.

खेळ संपला की परात तशीच गच्चीत किंवा बाल्कनीत ठेवा. उन्हाळ्यात पातळ पसरलेला थर दिवसा-दीड दिवसात वाळून त्याच्या पापड्या सुटतात. त्या हाताने कुस्करून चाळल्या की पुन्हा पीठ. पावसाळ्यात मात्र हे विसरा. वाळायच्या आत आंबूस वास येतो आणि बुरशी धरते. तेव्हा झाकून फ्रीजमध्ये फार तर एक दिवस ठेवा, मग वर साचलेलं पाणी काढून उरलेला लगदा ओल्या कचऱ्यात. कुंडीत टाकू नका, मुंग्या लागतात.

हातांना लागलेलं लगेच धुवायला पळू नका. दोन मिनिटं वाळू द्या, परातीवर हात चोळा, बरंचसं पूड होऊन खाली पडतं. मग बादलीत गार पाण्याने हात खळबळा. कपड्यांचंही तेच, वाळल्यावर झटकून ब्रश मारला की डाग राहत नाही. जमिनीवर ओला फडका आधी मारला तर पांढरा राप पसरत जातो, म्हणून तिथेही आधी वाळू द्यायचं, झाडूने काढायचं, शेवटी ओला फडका. बादलीतलं पांढरं पाणी रात्रभर ठेवलं तर सकाळी पीठ तळाशी बसलेलं असतं. वरचं निवळ पाणी मोरीत, खालचा साका कचऱ्यात.

वाळवलेलं पीठ डब्यात भराल तर डब्यावर मार्करने मोठ्या अक्षरात ‘खेळाचं’ लिहा. नाहीतर पुढच्या रविवारी कोणीतरी ते मंच्युरियनमध्ये घालेल.